हिल्ट्रूडचं बारसं

नंदाताई पुण्याहून सिंगापूरला आल्या त्या एका हक्कासाठी. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर धाकट्या भावाला, निशिकांतला, मुलगी झाली होती, आणि भाचीचं नाव आत्या ठेवते. पत्रिकेत 'हि' अक्षर आलं होतं. ताईंनी विमानातच हिरण्मयी पक्कं करून टाकलं.

ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत शिरताच निशिकांतने त्यांच्या हातात चहाच्या आधी बर्थ सर्टिफिकेट ठेवलं. "ताई, ही आपली हिल्ट्रूड!"

"कोण?"

निशिकांत तुआसच्या औद्योगिक वसाहतीत एका जर्मन कारखान्यात मॅनेजर होता. त्याला चारचौघींसारखं नाव नको होतं; हिमानी आणि हितेशा म्हणे कॉन्डोच्या लिफ्टमध्ये रोज भेटतात. "जुनं जर्मन नाव आहे. 'हिल्ट' म्हणजे लढाई, 'ट्रूड' म्हणजे ताकद. हल्ली जर्मनीतसुद्धा कुणी ठेवत नाही!" जर्मनांनी शहाणपणाने अडगळीत टाकलेली वस्तू आपल्या हाती लागली, याचा त्याला कोण आनंद! अडीच किलोची ती रणरागिणी दुपट्यात उचक्या देत होती. तिची आई मधुरा तिला थोपटत होती.

"मग माझं काम काय?"

"कानात सांगायचं. आत्याशिवाय बारसं होतं का?"

म्हणजे दुकान त्याचं आणि फीत कापायला आत्या. ताईंनी बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसले.

रविवारी बारशाला निशिकांतचे साहेब, डिर्क, फुलं घेऊन आले. नाव ऐकून त्यांचा लाडू घशातच राहिला.

"माझ्या आजीचं हेच नाव," ते इंग्रजीत म्हणाले. "बिचारीला जन्मभर आवडलं नाही. पण निशिकांत सांगत होता, हे तुम्हीच निवडलंत. तुमच्या प्रथेपुढे मी काय बोलणार?" आणि ते ताईंकडे बघून अदबीने हसले.

निशिकांत पंख्याकडे बघू लागला. साहेबांना मस्का लावल्यासारखं दिसू नये, म्हणून त्याने सगळं ताईंच्या नावावर खपवलं होतं.

"नाव आत्याच निवडते," ताई आपल्या शाळेतल्या इंग्रजीत ठणकावून म्हणाल्या. "मी अजून निवडलेलं नाही."

"ताई, अगं सर्टिफिकेट..."

"ते तू बदलून आण."

ताई पाळण्यावर वाकल्या. पाठीत धपाटे घालायला बायकांचे हात उचलले गेले. हिरण्मयी अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात त्यांना मधुरा दिसली. बाळंतपण तिचं, आणि ती शेजारच्या फ्लॅटमधून आल्यासारखी भिंतीला टेकून उभी होती. ताईंना स्वतःचीच लाज वाटली. निशिकांतने त्यांना विचारलं नव्हतं खरं, पण त्यांनी तरी हिला कुठे विचारलं होतं?

"मधुरा, तुला कोणतं नाव हवंय गं?"

मधुराला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"रेवा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "केव्हाचं ठरवलंय, ताई. कुणी विचारलंच नाही."