दोन बोटं कमी

आमच्या घरातला देव रोज हरवतो. म्हणजे तो कुठला जातोय, पितळेचा बाळकृष्ण, मुठीत मावेल एवढा. हरवतात त्याला आमच्या सासूबाई. सकाळी आंघोळ घालतात, मी अस्तराच्या चिंध्यांचं शिवलेलं अंगडं चढवतात, आणि "उजेडानं झोपमोड होते गं त्याची" म्हणत कुठेतरी अंधारात निजवतात. धुण्याच्या मशीनमध्ये, ह्यांच्या बुटात, एकदा तर पिठाच्या डब्यात. मग घटकाभरात विसरतात. देव्हारा रिकामा दिसला की धस्स होतं त्यांच्या छातीत, आणि निघाल्या अनवाणी शोधायला.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला आता सरावलाय. हाताला धरून आणून सोडतो. "ताई, मुलगा पुन्हा पळालाय म्हणे. माझ्या लोण्याचे डबे उघडून बघत होत्या." भला माणूस, हसतो. सुरुवातीला मलाही हसू यायचं.

आता नाही येत. काल रस्त्यात बस करकचून थांबली त्यांच्या पुढ्यात. दाराला कुलूप लावावं तर दारावर कपाळ आपटून घेतात. म्हणून माझा एक डोळा शिवणीवर आणि एक दारावर. रात्री आम्ही नवराबायको पाळीनं जागतो, पण ह्यांच्या पाळीत नुसतं ह्यांचं घोरणं. आज सकाळी एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून टाकले. उसवायला घेतले तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

नणंदेला फोन केला. "अगं वहिनी, दुपारभर खुर्चीला बांधून ठेव की सरळ. नाहीतर तूच पडशील आजारी."

बोलायला काय जातंय? आई हिची, आणि बांधायचे हात माझे! तणतणत फोन ठेवला. पण ते बोलणं डोक्यातून जाईना. जेवणं झाल्यावर बॅगांना लावायची जाड पट्टी काढली आणि त्यांना म्हटलं, "आई, बसा इथे जरा."

बसल्या. मी पट्टी पोटावरून घेऊन खुर्चीच्या पाठीमागे नेली. टोकाला टोक मिळेना. मशीनवर आणखी एक तुकडा जोडला. पुन्हा तेच. बघते तर ह्या गाल नि पोट फुगवून बसलेल्या, डोळ्यांत खट्याळपणा नुसता.

"दोन बोटं कमी पडली ना?" म्हणाल्या. "पडणारच. यशोदेलाही पडली होती. लोणी चोरलं म्हणून बांधायला निघाली त्याला. घरातली सगळी दावी जोडली, तरी आपली दोन बोटं कमीच. गवळणी हसून हसून लोळायला लागल्या."

"मला गोष्टी नका सांगू!" मी ओरडलेच. कधी नव्हे ते. मग खाली फरशीवर बसले आणि भोकाड पसरलं. "आई, मला झोपायचंय हो. दुसरं काही नको मला. मी झोपले आणि तुम्ही बसखाली आलात तर काय करू मी?"

त्यांनी वाकून पदरानं माझा चेहरा पुसला.

"घामाघूम झाली बिचारी," म्हणाल्या. मला की यशोदेला, कोण जाणे. "केस सुटले, धापा टाकायला लागली. मग त्यालाच दया आली आईची." त्यांनी दोन्ही टोकं स्वतःच मागे सरकवली, श्वास सोडून पोट आत घेतलं. "घे. बांध."

आणि मी बांधलं. लाज वाटली, फार वाटली, पण झोप लाजेपेक्षा जड होती. कशीबशी गाठ मारली आणि तिथेच फरशीवर, त्यांच्या पायांशी आडवी झाले.

जाग आली ती ह्यांच्या आवाजानं. कामावरून येऊन दारात उभे होते. दार सताड उघडं. बेकरीवाला म्हणे दोनदा डोकावून गेला होता. पट्टी जमिनीवर पडलेली. माझी गाठ केव्हाच सुटली होती, झोपेत मारलेली गाठ ती.

पण आई खुर्चीतच होत्या. माझं डोकं त्यांच्या पावलांवर आलं होतं, आणि पाय मुंग्यांनी बधिर झाले असतील तरी त्यांनी तसूभर हलवले नव्हते.

हे दबकत पुढे आले. "आई, आज बाळकृष्णाला शोधायला गेली नाहीस?"

"शूः," त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी डोळे मिटून घेतले. "हिला टाकून कशी जाऊ? आत्ता कुठे डोळा लागलाय पोरीचा."