कुकरांची डबलबारी

'तिसरी शिट्टी' हे ॲप अंधेरीत, मरोळच्या एका गाळ्यात जन्माला आलं. त्याचं काम एकच: कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. आपण आकडा सांगायचा, फोन ओट्यावर ठेवायचा, आणि तेवढ्या शिट्ट्या झाल्या की फोन थरथरून, उजेड फेकून सांगणार, गॅस बंद कर. माणूस चंद्रावर जाऊन आला तरी 'दोन झाल्या की तीन?' यावरून घराघरांत बोलणं बंद होतंच, हे मुकुलच्या लक्षात आलं आणि त्यानं चांगली नोकरी सोडली.

टीम तिघांची. कंपनी मुकुलची, कोड सुयोगचा, आणि जान्हवीकडे कम्युनिटी. तिघं एकाच टेबलाशी इतकी खेटून बसत की एकानं लोणचं उघडलं की दुसऱ्याला ठसका लागे. पण आपसात बोलणं सगळं कॉम्प्युटरवर, तिकिटं म्हणजे तक्रारीच्या चिठ्ठ्या टाकून. पंखा कमी करायचा असला तरी जान्हवी तिकीट टाकायची. सुयोग कानावरचा हेडफोन न काढता त्यावर 'नंतर बघू' असा शेरा मारायचा. मुकुल याला टीमवर्क म्हणायचा.

"मला नुसते यूजर नकोत," तो जान्हवीला म्हणाला होता. "कम्युनिटी बांध. लोकांना वाटलं पाहिजे, हे प्रॉडक्ट आपलं आहे."

ॲपमधलं मराठी जान्हवीच लिहायची. 'कम्युनिटी'ला 'समुदाय' म्हणावं तर तिला शाळेतलं नागरिकशास्त्र आठवून जांभई यायची. तिनं थोडा विचार केला आणि लिहिलं: 'आमच्या मंडळात सामील व्हा.'

इथं चूक झाली. मुंबईतल्या मराठी माणसाला मंडळात ये म्हटलं की तो नुसता लाइकचा अंगठा देऊन थांबत नाही. पहिला निरोप आला घाटकोपरहून, असल्फ्याच्या एका सोसायटीतून. 'कार्यकारिणी एकमताने निवडली. कळावे.' सोबत फोटो. गेटवर बॅनर: 'तिसरी शिट्टी मित्र मंडळ, असल्फा विभाग'. मधोमध मुकुलचा सूटबुटातला फोटो, खाली 'आमचे प्रेरणास्थान'. त्याखाली गॉगल लावलेले अध्यक्ष बाळा परब आणि दोन उपाध्यक्ष, कारण सोसायटीला विंगा दोन होत्या आणि एकच उपाध्यक्ष नेमला असता तर मंडळ त्याच दिवशी फुटलं असतं.

मुकुलनं बॅनरवरचा आपला फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "एंगेजमेंट चांगली आहे."

पण त्याच असल्फ्यात ॲपची वाट लागली. ए आणि बी या दोन विंगा एवढ्या जवळ की एकीतली फोडणी दुसरीत शिंकायला लावते. सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. त्यामुळे ॲप शेजारच्या शिट्ट्याही मोजायला लागलं. आपला कुकर नुसता फुसफुसत असायचा आणि फोन थरथरून सांगायचा, झालं. संबंध इमारत कच्ची डाळ खाऊ लागली. गाळ्यात कुकर एकच असल्यामुळे हे तिथं कुणाला दिसलंच नव्हतं.

"आपण ऐकण्याचा नाद सोडू," मुकुलनं जाहीर केलं. "सोमवारपासून रेसिपीचं ॲप."

सुयोगनं तिकिटावर शेरा मारला: 'होणार नाही. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी ओळखायला प्रत्येकीचं रेकॉर्डिंग लागेल. एकटीचं. बाकी सगळी इमारत गप्प असताना. मुंबईत. शक्य नाही.'

जान्हवीच्या डोळ्यांसमोर असल्फ्याच्या शेवंतीकाकू आल्या. बी विंग, तिसरा मजला, सत्तरी गाठलेली. तरुणपणी मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात होत्या आणि दोन्ही कान तिथंच ठेवून आल्या होत्या. शिट्टी ऐकू येत नाही म्हणून कुकर दोनदा जळला, एकदा उडाला. तेव्हापासून सून श्वेता ऑफिसला जाताना कुकरची शिट्टी काढून पर्समध्ये टाकून न्यायची. काकूंचा स्वयंपाक त्या दिवसापासून बंद. हे ॲप आल्यावर श्वेतानं शिट्टी परत दिली, आणि कच्ची डाळ झाल्यावर पुन्हा नेली.

"माका ऐकाक येना नाय," काकू जान्हवीला म्हणाल्या होत्या, "जेवाण करूक येता गो." आणि जान्हवी त्यांना बोलून बसली होती, ॲप बंद नाही होणार काकू.

तिनं सुयोगचा शेरा जशाच्या तसा मंडळाच्या ग्रुपवर टाकला. लगेच उत्तर आलं. 'रविवारी डबलबारी ठेवत आहोत. तांत्रिक पाहुण्यांनी वेळेत यावे.'

डबलबारी म्हणजे कोकणातल्या भजनाचा सामना: दोन बुवा समोरासमोर, एकाची बारी चालू असताना दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. इथं बुवांच्या जागी कुकर होते.

रविवारी सुयोग घाटकोपरला आला. त्याला कमरेखाली पाय आहेत हे जान्हवीनं तेव्हा प्रथम नीट पाहिलं. दोघं शेवंतीकाकूंच्या ओट्याशी लॅपटॉप मांडून बसले. खाली दोन विंगांच्या मधल्या जागेत खुर्च्या, माईक, ए विंगचे जयवंतबुवा आणि बी विंगचे नंदकिशोरबुवा. मुकुलला बॅनरखाली बसवून त्याच्या हातात नारळ दिला होता. तो कुठं ठेवायचा हे कुणी सांगितलं नव्हतं.

ए विंगनं डाळ लावली होती, बी विंगनं भात. दुपारी जेवण एकत्र. घरोघरी कुकर मंद आचेवर, गॅसच्या खटक्यावर एकेकीचा हात. समोरच्या प्रत्येक खिडकीत एक चेहरा. टीव्ही बंद. मिक्सर बंद. वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळालाही कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं.

जयवंतबुवांनी माईकवरून नाव घेतलं, "ए विंग, पहिला मजला, राणे." मग माईक बंद.

एक ज्योत मोठी झाली. इमारत श्वास धरून बसली. आणि एक शिट्टी आली. एकटी, लांबलचक, शेवटाला किंचित लाजलेली.

"बी विंग, पहिला मजला, तावडे." हिची चिरकी, घाईची, बस सुटत असल्यासारखी.

एकेक घर बोलू लागलं. जाडी शिट्टी, नाकातली शिट्टी, दमेकरी शिट्टी. जान्हवी आयुष्यभर मुलुंडमध्ये हाच गोंगाट ऐकत वाढली होती. त्यात एवढी माणसं आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. कुकरमुळे. असं होऊ शकतं, याची तिनं मनात नोंद केली.

दुसऱ्या मजल्याच्या मध्यावर एक भलतीच शिट्टी घुसली.

"बाळा, तुजो कुकर मधीच कित्याक बोंबाललो?" खालून नंदकिशोरबुवा.

"आवरेना ओ," अध्यक्ष खिडकीतून म्हणाले.

"मंडळ तरी आवरता मां?" समोरच्या विंगेतून कुणीतरी. सगळ्या खिडक्या हसल्या, आणि परत गप्प झाल्या.

पुढच्या शिट्टीवर बुवांचं जुंपलं. जयवंतबुवा म्हणाले काळी दोन, नंदकिशोरबुवा म्हणाले पांढरी तीन, कान तपासून घ्या. पेटीच्या पट्ट्यांवरून सामना हातघाईवर येणार तेवढ्यात सुयोगनं हेडफोन काढला, खिडकीतून अर्धा बाहेर वाकला आणि ओरडला, "दोघांच्या मधली आहे."

जान्हवी त्याच्याकडे बघत राहिली. शेजारी बसून तिनं त्याचा आवाज एवढा कधी ऐकला नव्हता.

"काय?" तो म्हणाला. "प्रत्येकीचा सूर वेगळा आहे गं. सगळ्यांचा. बघ ना." आणि त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर रेघांचे डोंगर उभे होते, एकासारखा दुसरा नाही. "मला वाटलं होतं, शिट्टी म्हणजे शिट्टी."

तिसऱ्या मजल्यावर काकूंची बारी आली तेव्हा श्वेतानं शिट्टी तेवढ्यापुरती दिली, तिचा घोगरा सूर नोंदला गेला, आणि शिट्टी परत पर्समध्ये गेली.

दुपारी अंगणात पंगत बसली. सुयोगनं एका हातानं डाळभात खात दुसऱ्या हातानं ॲपला शिकवलं. मुकुल नारळ मांडीवर घेऊन जेवला. मधेच सुयोगला म्हणाला, "अरे, हे सोमवारचं..."

"तिकीट टाक," सुयोग म्हणाला.

संध्याकाळी गजर ठरला. गजर म्हणजे सगळ्यांनी एकदम. श्वेतानं पुन्हा पर्स उघडली, शिट्टी काढली आणि सासूच्या हातावर ठेवली. काकूंनी मूग लावले, ॲपला तीनचा आकडा सांगितला आणि फोन तळहातावर धरून उभ्या राहिल्या.

खाली दोन्ही बुवांनी हात वर केला.

सगळे कुकर एकदम सुटले. दोन्ही विंगा जागच्या जागी उभ्या राहून कुठंतरी निघाल्यासारख्या वाटल्या. खिडकीची तावदानं थरथरली, खालची कुत्री उठून बसली. काकूंच्या हातातला फोन मात्र ढिम्म. समोरून शिट्ट्यांवर शिट्ट्या आल्या, वरून आल्या, खालून आल्या. फोनवर शून्य. मग ओट्यावरचा कुकर आपल्या घोगऱ्या आवाजात बोलला आणि पडद्यावर एक उमटला. जान्हवीनं सुयोगची बाही धरली. गोंगाटात काही वेळ गेला. दोन. बाहेर अध्यक्षांचा कुकर पुन्हा आवरेनासा झाला होता. फोननं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

तीन.

फोन थरथरला. काकूंना त्या सगळ्या कल्लोळातली एकही शिट्टी ऐकू आली नव्हती. त्यांनी तळहाताकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

हळूहळू इमारत निवली. काकूंनी झाकण काढलं, मुगाचा दाणा बोटांत दाबून पाहिला आणि तो श्वेतापुढे धरला. श्वेतानंही दाबला. मऊ होता. मग सवयीनं काकूंनी शिट्टी पुसली आणि सुनेपुढे केली. श्वेतानं तितक्याच सवयीनं पर्सची चेन उघडली. आत पाहिलं. चेन बंद केली.

"राहू दे आई," ती म्हणाली. "पर्स जड होते."

"काय म्हणता गो ती?" काकूंनी जान्हवीला विचारलं.

जान्हवीनं खालच्या माईककडे बोट केलं. सुयोगनं खिडकीतून खाली निरोप दिला, आणि नंदकिशोरबुवांनी माईक हातात घेऊन काकूंनाच काय, पलीकडच्या मेट्रो स्टेशनलाही ऐकू जाईल अशा पट्टीत सांगितलं, "पर्स जड होता म्हणता!"

काकूंनी मान डोलावली, कुकर धुतला आणि शिट्टी त्याच्या डोक्यावर बसवून ठेवली.