विहिरीपर्यंतची तांबडी रेघ

"आली गं बाई, नकाशेवाली मंडळी आली!" शेजारची राफेला गॅलरीतून ओरडली आणि नुंझियाने घागर पुढे ओढली.

आगबोटीच्या कंपनीने यंदा प्रवाशांसाठी नेपल्सचा नवा नकाशा काढला होता. त्यातली तांबडी रेघ बंदरावरून निघून नेमकी नुंझियाच्या चौकातल्या जुन्या विहिरीपाशी यायची आणि तिथून परत बंदराला जायची. गल्लीला सोन्याचे दिवस आले. नुंझियाही दारात लिंबूपाणी विकायला बसली. बसली नसती तर चार तोंडांनी कारण विचारलं असतं. वर माळ्यावर तिचा मुलगा आनिएल्लो लपला होता, आफ्रिकेतल्या लढाईतून पळून आलेला. सापडला तर गोळीच. आणि रोज शेकडो परके डोळे त्याच्या खिडकीकडे वळत होते.

आज तर चौकाच्या कमानीत पोलीसही उभा होता.

"आई, मी ह्या लोकांतूनच निघतो," आनिएल्लो सकाळी म्हणाला होता. "मामा बोटीवर कामाला आहे, कोळशाच्या कोठीत लपवतोय मला. साहेबलोकांना कोण अडवतंय?"

"मेल्या, वेड लागलंय का तुला?" असं म्हणत तिनेच त्याच्या बापाचा लग्नातला कोट झटकून दिला होता.

पाहुणे विहिरीत डोकावत असताना जिन्यावरून एकजण उतरला. तोच कोट, जुन्या बाजारातली गवती हॅट, हातात उघडा नकाशा. नुंझियाने मान वर केली नाही. तिला भीती वाटत होती, फार वाटत होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्याच डोळ्यांची.

मंडळी परत निघाली. कमानीशी पोलिसाने हात आडवा केला. "थांबा, साहेब!"

नुंझिया हातातला ग्लास पुसतच राहिली.

"एवढ्या उन्हाचे तसेच चाललात? ए मावशी, पाणी दे की साहेबांना! बघत काय बसलीस?"

तिने ग्लास भरला. आनिएल्लो एका दमात प्याला आणि तिच्या तळहातावर नाणं ठेवलं. त्याची बोटं गार पडली होती.

"तोंड शिवलंय का गं तुझं?" पोलीस हसला. "आभार तरी मान!"

"देव तुमचं भलं करो, मालक," नुंझिया लेकाच्या बुटांकडे बघत म्हणाली. "प्रवास सुखाचा होवो."

त्याने हॅटला हात लावला आणि नकाशात बघत तो घोळक्याबरोबर बंदराच्या वाटेला लागला.

मागे राहिलेल्या एका मडमेने नाणं पुढे केलं. नुंझियाने तो उष्टा ग्लास न विसळताच ओच्यात घेतला आणि भरल्या घागरीवर हात ठेवला.

"पाणी संपलं, बाई."