मालकाची बाज

महादेवीनं लेकीची ट्रंक हॉस्टेलच्या पायरीवरच ठेवली आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडं बोट केलं.

"ती बाज कुणाची?"

"माझी," नरसिंग म्हणाला.

"मालक पत्र्यात झोपतेत, आन् माझ्या मनिषाला स्लॅबखाली ठेवू? न्हाई बाई!"

झालं! लातुरात क्लासवाल्या पोरींची नुसती रीघ, आणि औशाकडचं शेत विकून बांधलेलं नरसिंगचं कोरं हॉस्टेल मात्र ओस. येईल तो ती बाज बघून माघारी फिरायचा. पण करणार काय? किल्लारीच्या भूकंपात घर कोसळलं, बायको शिवकांता गेली, तेव्हापासून छताखाली त्याचा डोळा लागत नव्हता.

शेजारचे खाजासाब कंपाउंडवरून ऐकत होते. उर्दू शाळेत अरबी शिकवायचे ते. कुणी विचारो न विचारो, शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"नरसिंगभाऊ, इमारत आन् उमर, दोन्ही अरबीत एकाच मुळातून निघालेत. ऐन, मीम, रे, ही तीन अक्षरं. मूळ अर्थ, वस्ती करणं. माणूस राहिला की इमारत. मग तोच अर्थ देहाला लागला. जीव देहात वस्तीला राहील तेवढी उमर. तुमची इमारत अजून इमारत झालीच न्हाई."

नरसिंगचं डोकं गरगरलं. इथं पोरी फिरकेनात, आणि मास्तरांचं हे काय भलतंच!

"मग जुन्या घरात तर वस्ती होती की, मास्तर. शिवकांता होती. ते का पडलं?"

खाजासाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ते शब्दकोशात न्हाई, भाऊ."

अस्सा राग आला नरसिंगला! कुणाचा, ते मात्र त्याला कळेना. तो तरातरा शेडमध्ये गेला, बाज ओढत आणली आणि दारातून आत घातली. महादेवी बाजूला सरली. भर दुपारी तो स्लॅबखाली आडवा झाला. डोळे छताच्या पंख्यावर खिळले होते.

"पंखा लावू का, काका?" मनिषानं विचारलं.

"नको. बंदच ऱ्हाऊ दे. आपोआप हलला तर कळंल."

मनिषाला काही समजलं नाही. तिनं आईकडं पाहिलं. महादेवीही किल्लारीकडचीच. तिनं ट्रंक उचलून आत आणली, बाजेशेजारी ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. नजर वर, पंख्याकडं.

"झोपा तुम्ही," ती म्हणाली. "मी बघत बसते."