मुखपृष्ठाच्या कडेचा कान

करंजाड्यात एका इमारतीच्या फाटकावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये बैल कोरला आहे. खाली इमारतीचं नाव: बादल हाइट्स.

तुर्भ्याच्या छापखान्यात कागदाचे गठ्ठे जमिनीवर ठेवत नाहीत. खाली लाकडी फळ्या घालतात. ओल चढते.

यूट्यूबवर बैल धावतो तेव्हा स्क्रीनच्या खालून बदाम उडतात. लाल, निळे, परत लाल.

हौसेराव कवळी लावल्याशिवाय फोन उचलत नाहीत.

एका जुन्या मुखपृष्ठावर शर्यत जिंकून गुलालात माखलेला पांढरा बैल. उजव्या कडेला, कागद संपतो तिथे, दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा कान.

“शेवटचा अंक” हे शब्द मोठ्या अक्षरांत टाकायचे की लहान?

*

हा शेवटचा प्रश्न ज्ञानेश्वरीचा. ती नेरूळच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीतून ‘दावण’ काढते. बैलगाडी शर्यतीचा, दोन बैलांच्या छकड्यांचा, नाद असलेल्यांचं मासिक. वडिलांनी, हौसेरावांनी, सुरू केलेलं. ते साताऱ्याकडून तुर्भ्याच्या मार्केटात आले, पाठीवर कांद्याची पोती वाहिली, पुढे मुकादम झाले. बैलाचा नाद गावाहून बरोबर आला होता. इथे बैल बांधायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी कागदावर दावण घातली.

आता ते थकलेत. ज्ञानेश्वरीही थकली आहे, पण तिचं वय थकण्याचं नाही असं सगळे म्हणतात.

शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत ‘दावण’ सगळ्यात जास्त खपली. पळणारे बैल बघायला मिळत नव्हते, म्हणून लोक पळालेले बैल वाचायचे. कुणाचा बैल कुठल्या फाट्यावर कसा सुटला, कुणाच्या आईने त्याला पुरणपोळी भरवली. मग बंदी उठली. ज्ञानेश्वरीने पेढे वाटले. पहिल्याच शर्यतीला प्रत्येकाच्या हातात फोन होता. निकाल गावी पोचायच्या आधी फोनवर पोचला. ‘दावण’मध्ये तो महिन्याभराने आला, तेव्हा त्यावर पापड वाळत घातले असतील.

बंदीत जगलं आणि शर्यती सुरू झाल्यावर गेलं. हे कुणाला सांगायला गेलं की लोक हसतात. विनोद म्हणून चांगला आहे.

*

संपादकीय, पहिला प्रयत्न:

प्रिय वाचकहो, कागदाच्या किमती

(खोडलं. कागदाच्या किमतीने काही झालेलं नाही.)

*

देवजीकाका दुपारी आले. खाडीकाठच्या गावातले. जमीन नव्या शहराच्या नोडमध्ये गेली, आता करंजाड्यात त्यांची स्वतःची छोटी इमारत आहे आणि भाडेकरू आहेत. पूर्वी बैल होते. चप्पल दाराबाहेर काढून ते आत आले आणि पिशवीतून तो जुना अंक काढून टेबलावर ठेवला.

“बाय, यो बैल कोनाचा?”

ज्ञानेश्वरीने खालची ओळ वाचली. “धर्मराजकाकांचा. बादल. लिहिलंय की.”

“तू वाचतंस. मी बगतंय. यो माजा पाखऱ्या हाय. डावा शिंग बग. टोक हाय का?”

टोक नव्हतं.

“वासरू व्हता तवा गोठ्याच्या दारात आपटलेला. बादलची दोनी शिंगा नीट व्हती. इचार कोनाला पन.” मग ते थांबले. “इचारशील कोनाला, ती गोष्ट येगली.”

“इतकी वर्षं बोलला का नाहीत काका?”

“काय बोलू? तवा बैल समोर उभा व्हता. सगल्या गावाला ठावं व्हता पाखऱ्या कोन. कागदाव काय का असंना. आता बैल गेला, बगनारी मानसा गेली. कागद तेवडा ऱ्हायला.”

ज्ञानेश्वरीने पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं, पण प्यायले नाहीत.

“धर्मराजच्या नातवानं गेटवं लावलाय माजा बैल. खाली नाव त्याच्या बैलाचा. मी समोरच ऱ्हातंय. दूध आनाया निंगालो का पयला त्योच दिसतो.”

“मी त्या नातवाशी, रूपेशशी बोलते. तो चॅनलवर टाकेल. लाखभर लोक बघतात त्याचं.”

“त्याव कोन पन काय पन टाकतंय. सकाली टाकतान, सांजंला काडतान. तुमी छापला व्हता, तुमीच छापा.” आता ते पाणी प्यायले. “यो शेवटचा अंक ना? मंग परत कवा छापशील?”

*

हौसेराव गॅलरीत बसले होते. ज्ञानेश्वरीने अंक त्यांच्या मांडीवर ठेवला.

“आप्पा, हा बैल कुणाचा?”

त्यांनी अंक लांब धरला, मग जवळ. बैलाकडे कमी आणि कागदाच्या कडेकडे जास्त बघत राहिले.

“फोटू आडवा हुता,” ते म्हणाले. “मुखपृष्ठ उभं.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय म्हंजे. कापला.”

“आणि नाव?”

“दावणीत आजवर शुद्धिपत्र आलेलं न्हाय. दुसऱ्या मासिकांत रकानेच्या रकाने यायचे.”

“दुसरं मासिक होतं कुठे, आप्पा? आपलं एकच होतं.”

“तेच म्हन्तोय.”

“नाव चुकलं होतं का?”

“च्या टाक.”

तिने चहा टाकला. गाळताना त्यांचा आवाज आला.

“देवजी रडला का?”

“नाही.”

“मग छाप. रडला असता तर नसतं छापलं.”

*

संपादकीय, दुसरा प्रयत्न:

इंटरनेटच्या युगात छापील मासिक टिकेल का, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला

(विचारत कुणी नाही. खोडलं.)

*

रूपेशला फोन करणं भाग होतं. तो धर्मराजकाकांचा नातू. त्याचं चॅनल ‘बादल लाइव्ह’. त्याच्या टी-शर्टवर, बॅनरवर, फाटकावर तोच फोटो. आणि शेवटच्या अंकाच्या मलपृष्ठावर त्याचीच जाहिरात होती, नव्या इमारतीची. दोन दिवस ज्ञानेश्वरीने मनात वाक्यं जुळवली. तो चिडला तर हे बोलायचं. जाहिरात काढतो म्हणाला तर ते. आजोबांचं नाव पुढे केलं तर गप्प राहायचं आणि मग हळूच तिसरं.

“ताई, छापा की बिनधास्त,” रूपेश म्हणाला. मागे कुठेतरी ड्रिल चालू होतं. “टेन्शन काय त्यात?”

“तुला चालेल?”

“वाचतंय कोण?” मग त्याचं त्यालाच कळलं. “म्हणजे तसं नाय ताई. रिस्पेक्ट आहे. आमच्या घरी येतो ना अंक, आजोबा घेतात. पण तुम्हीच सांगा.”

“आणि फाटकावरचा बैल?”

“ग्रॅनाइट आहे ताई तो. कुठं खोडत बसू? बैल तो बैल. ऐका ना, जाहिरातीत लोगो जरा मोठा करा.”

फोन ठेवल्यावर ती जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. भांडणासाठी उठून बसलेलं माणूस, समोर कुणीच नाही म्हटल्यावर परत आडवं होतं, तशी ती खुर्चीत मागे टेकली. जाहिरात राहिली, शुद्धिपत्राची चौकट राहिली, कुणाचंच काही बिघडलं नाही. याचा तिला जरा जास्तच शीण आला.

*

शुद्धिपत्र

एका जुन्या अंकाच्या मुखपृष्ठावरील बैल श्री. धर्मराज यांचा बादल नसून श्री. देवजी यांचा पाखऱ्या आहे. चूक संपादकांची.

(प्रूफावर हौसेरावांनी शेवटचा शब्द खोडला. “संपादक तू हायस आता. माझं नाव लिही.” मग स्वतःच लिहिलं: हौसेरावांची.)

*

संपादकीयाच्या जागी शेवटी एकच ओळ गेली: हा ‘दावण’चा शेवटचा अंक. मुखपृष्ठावर ते शब्द लहान अक्षरांतच आले. छापखान्याच्या माणसाने विचारलं, “ताई, पुढल्या महिन्याचा कागद धरून ठेवू ना?” तिने मुखपृष्ठावर बोट ठेवलं. त्याने वाचलं, मान हलवली आणि मशीनकडे गेला.

अंक गेले. काही परत आले: पत्ता सापडत नाही, इमारत पाडली. कुणाचं पत्र नाही, कुणाचा फोन नाही. देवजीकाका येऊन दोन प्रती घेऊन गेले. एक उघडून चौकटीवर बोट टेकवलं, ओठ हलवत वाचलं, अंक पिशवीत घातला.

“बरा झाला,” म्हणाले. जाताना चप्पल घालायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मासिक बंद करण्यात एवढंच असतं, असं ज्ञानेश्वरीला वाटलं. घराची एक खोली मोकळी होते. तिथे कपाट हलवता येईल.

*

रविवारी रूपेश दारात उभा. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं.

“ताई, काय करून ठेवलंत.”

“काय झालं?”

“आजोबांनी वाचलं.”

“कुणी वाचून दाखवलं त्यांना?”

“दाखवायला कशाला लागतंय? भिंग घेऊन स्वतः वाचतात. पहिल्या पानापासून. जाहिरातीपण सोडत नाहीत. माझ्या जाहिरातीत फ्लॅटचा एरिया चुकलाय, तो पण त्यांनीच काढला.” त्याने चादर सोडवली. आत काचेची फ्रेम. तेच मुखपृष्ठ, पिवळं पडलेलं, कडेला वाळवीची बारीक रेघ. “वाचलं, आणि उठून भिंतीवरनं हे काढलं. मला बोलले, देवजीला देऊन ये. तेव्हापासून बोलणंच बंद. जेवतात, पण ताटाकडे बघत.”

“मग देवजीकाकांना का नाही दिलीस?”

“गेलो ना. घेतली नाही. बोलले, ‘माजा छापून आला, झाला. फ्रेम धर्म्याची हाय, त्याची त्याला दे.’ घरी नेली तर आजोबा दार उघडत नाहीत. आता मी ही घेऊन फिरतोय दोन दिवस, गाडीच्या डिकीत. तुम्ही ठेवा.”

ज्ञानेश्वरीने फ्रेम घेतली. जड होती. आतल्या खोलीत उरलेल्या अंकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवली. रूपेश मागे येऊन उभा राहिला, पण जाईना.

“अजून एक आहे ताई. आज सकाळी आजोबांनी तोंड उघडलं, तर त्यांना पण छापायचंय. पुढच्या अंकात.”

“पुढचा अंक नाही, रूपेश. बंद झालं. वर लिहिलंय.”

“मी तेच बोललो. बोललो, मी व्हिडिओ करतो, तुम्ही नुसतं बोला, दुपारपर्यंत पन्नास हजार लोक बघतील. तर बोलले, ‘देवजीचा छापून आलाय. माजा पन छापूनच आला पायजे.’” त्याने डोकं खाजवलं. “ताई, मला खरंच वाटलं होतं कोण वाचत नाही.”

“मलाही,” ती म्हणाली.

गॅलरीतून हौसेरावांचा आवाज आला. “कोन आलंय?”

“धर्मराजकाकांचा नातू, आप्पा.”

खुर्ची सरकली. मग: “छापखान्यात कागद उरलाय का इचार.”

ज्ञानेश्वरी फ्रेमसमोर बसली. काचेवर बोटांचे ठसे होते, ते ओढणीने पुसले. पाखऱ्या गुलालात उभा होता, डाव्या शिंगाला टोक नव्हतं, आणि उजव्या कडेला तो अर्धा कान.

“काय छापायचंय त्यांना?”

“जास्त नाय ताई,” रूपेश म्हणाला. “एकच ओळ आहे.”

*

त्या शर्यतीत पाखऱ्या आणि बादल एकाच छकड्याला जुंपलेले होते.