बॅनरवरचा शाहीर

सकाळी सातला शेजारच्या गोजाबाई डोळ्यांना पदर लावून आल्या आणि धोंडीबांना चहात बटर बुडवताना बघून दारातच मटकन बसल्या. धोंडीबांच्या बायकोला, चिमाबाईंना वाटलं, बाईंची शुगर उतरली. मग कळलं की पिंपळे गुरवच्या चौकात जयंतीच्या कार्यक्रमाचा बॅनर लागलाय. त्यावर धोंडीबांचा फोटो, आणि खाली 'शहीद धोंडीबा'.

बटर कपात पडलं ते तिथंच विरघळलं. धोंडीबांनी चाकणच्या कंपनीत तेहतीस वर्षं प्रेस मशीन चालवली, गेट मीटिंगला आणि दर जयंतीला डफ घेऊन उभे राहिले. आता कुठं नावाआधी 'शाहीर' छापून येणार होतं. मंडळाचा अध्यक्ष धम्मरत्न, चाकणलाच एचआरमध्ये असलेला, त्यानं तसं कबूल केलं होतं.

धोंडीबा त्याला घेऊन बॅनरवाल्या गणराजकडे निघाले. वाटेत एक रिक्षावाला बॅनरला हात जोडून वळला, समोर धोंडीबा दिसताच रिक्षा तिथंच सोडून चालू लागला.

गणराज शांत होता. मेसेजमध्ये 'शाहीर' असंच आलं होतं, हे त्यानं मोबाइलवर दाखवलं. असा शब्द त्यानं ऐकलेला नव्हता. चूक समजून त्यानं आपणहून दुरुस्त केली, वर फुलंही टाकली.

स्वतः मेल्याचा धक्का धोंडीबांनी पचवला होता. हा पचेना.

"काका, शाहीर म्हणजे सिंगरच ना?" गणराज म्हणाला. "मग 'गायक' टाकतो. पट्टी चिकटवली की झालं."

धम्मरत्नला कामावर जायचं होतं. तो चालेल म्हणाला.

संध्याकाळी धोंडीबा डफ घेऊन कार्यक्रमाला आले ते थेट बॅनरला टेकलेली शिडी चढले आणि नखानं पट्टी सोलून काढली. खाली पुन्हा 'शहीद'. बसलेले लोक उठून उभे राहिले.

"काका, आता तर बरोबर होतं," गणराज खालून म्हणाला.

"गायकाला लोक फर्माईश करतात, भावा. शाहीर लोकांना जाब विचारतो. तो शब्द तुझ्याकडं नसेल तर मेलेलाच राहू दे. मेलेल्याला फर्माईश तरी कुणी करत नाही."

उतरून त्यांनी डफावर थाप मारली. पहिल्याच कडव्यात, कंत्राटी पोरांना कंपन्यांनी घरी पाठवलं तेव्हा धम्मरत्न साहेब कुठं होते, ते नावानिशी विचारलं. पुढच्या रांगेतला धम्मरत्न मोबाइल कानाला लावून बसला. तो उलटा होता.

गोजाबाईंनी हार आणला होता. फोटोला घालावा की गळ्यात, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.