रेघ ओलांडलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना, तीन लिटरचा कुकर आहे. माझ्यात मासा शिजला आहे आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. तुम्ही म्हणाल, आधी जन्माचं सांग. तर जन्म कारखान्यात झाला. विशेष काही घडलं नाही.

नागपूरहून रेखाआजींनी मला त्यांच्या मुलाबरोबर, विनयबरोबर, अमेरिकेत धाडलं. फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये मी अठरा वर्षं वरण-भात केला. पुढे आजीही तिथेच राहायला आल्या. त्या इतक्या पक्क्या शाकाहारी की अंड्याच्या केकलाही दुरूनच हात जोडत. "याच्यासारखं मऊ वरण कोणी करत नाही," असं त्या पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांचं लक्ष जिलबीकडे असे, पण मी ऐकत असे.

गेल्या उन्हाळ्यात घरच्यांनी व्हिएतनाममधल्या एका मच्छीमारांच्या गावात, गेस्ट हाउसमध्ये राहायचं ठरवलं.

"कुकर येणार असेल तर मी येते," आजी म्हणाल्या.

माझ्या पोटात मुगाची डाळ भरली, शिट्टी विनयच्या मोज्यात गुंडाळली आणि मी निघालो. विमानतळावर मला तीनदा उघडलं. मोजा एकदाच उघडला.

गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंना नातीने, केयाने, पहिल्याच दिवशी 'लानकाकू' करून टाकलं. त्यांच्या चुलीशेजारी माझी वेगळी शेगडी मांडली गेली. मधे आजींनी खडूने रेघ मारली. इकडे मी, तिकडे मासे. रेघेवर एक मांजर बसे, बहुधा दोन्हीकडचं नागरिकत्व असलेलं.

तिसऱ्या दिवशी आजींना ताप भरला. विनय आणि त्याची बायको नेत्रा औषध आणायला गेले. लानकाकूंना वाटलं, आजारी माणसाला त्याच्याच भांड्यातलं द्यावं. त्यांनी मला आदराने उचललं, रेघेपलीकडे नेलं आणि माझ्यात तांदूळ, आलं आणि सकाळीच होडीतून उतरलेला मासा घालून पेज केली. झाकण लावलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आभाळ बघत शिजवलं.

आजींनी एक वाडगा संपवला. दुसऱ्यात जिभेवरून काहीतरी काढून बोटावर धरलं. "केया, हे काय गं?"

"इट्स जस्ट आलं, आजी. आल्याची शीर."

संध्याकाळी ताप उतरला. आजींचा तिसरा वाडगा संपत असताना लानकाकू आल्या आणि माशाची लांबी दोन्ही हातांनी दाखवू लागल्या. आजींनी वाडगा खाली ठेवला. तो रिकामा होता, हा मुद्दा कोणी काढला नाही.

घरी परतल्यावर शिक्षा मला झाली. केयाला नाही, लानकाकूंना नाही, आजींना तर नाहीच. "हा बाटला. देऊन टाका कोणाला तरी," आजी म्हणाल्या. माझ्या जागी विजेचं भांडं आलं. त्याला शिट्टी नाही, नुसतं पीं पीं. माझी रवानगी गराजमधल्या खोक्यात झाली. शेजारी न चालता म्हातारी झालेली ट्रेडमिल होती. जुनं सामान न्यायला शनिवारी ट्रक येणार होता. मी ठरवलं, जायचं तर ताठ मानेने जायचं. मान नाही, पण मूठ आहे.

शुक्रवारी आजींना पुन्हा ताप आला. नेत्राने विजेच्या भांड्यात पेज केली. आजींनी एक चमचा घेऊन वाटी सरकवली.

"आई, आलं घातलंय की," नेत्रा म्हणाली.

"यात नाही होत ते. त्याला आणा."

"कोणाला?"

"गराजमधल्या मेल्याला."

केया मला कुशीत धरून पलंगापाशी आली. नेत्रा तांदूळ धुवायला जाईपर्यंत आजी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "झाकण लावू नकोस. आणि त्या दिवशीचं आलं घाल. या वेळी काटे काढून."

शनिवारी ट्रक आला. ट्रेडमिल गेली.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या जुन्या भांड्यांना जपा. घासा, कोरडं पुसा, रबरी रिंग वेळेवर बदला. फक्त आम्हाला माफी मागायला लावू नका. त्या दिवशी ताप उतरवायचा होता. तो मी उतरवला.